बदली

अकरा हंगाम मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो.
बाकावर. बदली गोलकीपर,
हातमोजे चढवलेला, कोरडा.
मैदानात काय चाललंय ते मला
पोशट्टी सरांच्या गुडघ्यावरून कळायचं.
उजवा हलायला लागला की समजायचं,
आपली बचावफळी फाटली.

बाप पूर्णा जंक्शनला सांधेवाला.
पोरगं लोकोशेडमागच्या मैदानावर वाढलं,
गोलपोस्ट जुन्या रुळांचे,
आणि उन्हाळ्यात काळी माती अशी तडकायची
की चेंडू कुठं उसळणार ते भेगाच ठरवायच्या.
'सपाटावर कुणीबी खेळतंय,' म्हणायचे सर.
सपाट मैदान मिळालं की नेमके हरायचे.

पहिली नोकरी नांदेडला, गिरणीच्या संघाकडं.
तीनशे चाळीस रुपये, दिवाळीला एक चादर,
करारात शेवटची ओळ : निकाल पाहून पुढे.
ती ओळ त्यांच्यासोबत सगळीकडं हिंडली.
परभणीत एक हंगाम.
जालन्यात दीड. संघ बियाणेवाल्या शेठचा,
सेंटर फॉरवर्ड शेठचा मेहुणा.
त्याला मध्यंतरालाच बाहेर काढला
आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बाहेर पडले.
हैदराबादला तीन वर्षं बरी गेली,
एक चषक, त्यातून चहा पितानाचा फोटो.
मग मीटरगेजनं परत अलीकडं.

लोखंडी ट्रंक घरात कधी पुरती रिकामी झालीच नाही.
वर शिट्टी, वही, करडीच्या तेलाची बाटली,
खाली काय आहे ते नरसाबाईंनाही आठवत नव्हतं.
शेजारणी विचारायच्या, बदली झाली का हो सरांची?
त्या म्हणायच्या, हौ.
हाकलून दिल्याला आमच्याकडं
तेवढा एकच अब्रूदार शब्द होता.

मग आमचा साखर कारखाना.
अठ्ठ्याऐंशीचा माघ, अंतिम सामना, बरोबरी,
पेनल्ट्या.
सर माझ्याकडं न बघता म्हणाले, ऊठ.
मी स्वेटर काढला.
रघुपती, आमचा नेहमीचा, गोलकडं निघालेला,
करंगळी सुजून वांग्यासारखी.
मी चुन्याच्या रेषेपर्यंत गेलो,
बुटाचं टोक पांढरं झालं.
मग मागून आवाज :
बस.

रघुपतीनं एक अडवली, चार सोडल्या.
चेअरमननं रात्रीच हिशोब केला.
सकाळच्या पॅसेंजरला ट्रंक चढवायला
मीच होतो. पलीकडची कडी सरांच्या हातात.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

परवा पूर्णेला गेलो, इतक्या वर्षांनी.
शेड बंद. मीटरगेज उखडून जमाना झाला.
सरांनी सुशीला खाऊ घातला, वर कच्चा कांदा,
आणि मी घास तोंडात असतानाच विचारलं,
त्या दिवशी बस का म्हणालात?
'तू हारला असतास त गाव तुला बोललं असतं जल्मभर.
मला बोललं. मला पगारच त्याचा व्हता, लेकरा.'

उत्तर चांगलं होतं.
जरा जास्तच गुळगुळीत.
माझ्याआधी किती गावच्या बदली पोरांनी
ते असंच कांद्यासोबत गिळलं असेल.

सर हात धुवायला मोरीत गेले.
कोनाड्यात त्या हंगामाची वही होती.
मी पान काढलं. अकरा नावं पेन्सिलीनं.
गोलकीपरच्या जागी रघुपती, खोडलेला.
त्यावर मी. खोडलेला.
पुन्हा रघुपती, पुन्हा मी,
आणि मग खोडरबर असं घासलेलं
की तिथं कागदच उरला नव्हता.
त्या भोकातून मागच्या पानावरचा खर्च दिसत होता :
लिंबं, दोन डझन.